सिंहांच्या डोक्यावरचं चाक

काशीला जाणाऱ्या मराठी माणसांच्या दोन वाटा आहेत. एक जुनी. गंगास्नान, विश्वनाथ, अन्नपूर्णा, पायांत बळ असेल तर पंचक्रोशी, आणि परतताना प्रयाग नाहीतर गया. भोसले घाट बांधणाऱ्या नागपूरकरांनी आणि ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी ही वाट मळवून ठेवली. तिच्यात सारनाथ नव्हतं. शहरापासून जेमतेम दहा किलोमीटर, पण यात्रेच्या हिशेबात ते धरलेलंच नसायचं.

दुसरी वाट १९५६ नंतरची. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. नोव्हेंबरात काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर सारनाथला येऊन गेले, आणि ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यातून पांढऱ्या कपड्यांतली माणसं बनारस स्टेशनावर उतरतात ती थेट सारनाथचा रस्ता धरतात. आज त्या अवशेषांत अर्धा तास बसलात तर सिंहली, थाई, तिबेटी यांच्या जोडीला वऱ्हाडी हमखास कानावर पडते.

मला ओढ होती ती एका दगडाची. नाणी, नोटा, पासपोर्ट, न्यायालयाचे कागद, पोलीस अधिकाऱ्याचा खांदा, जिथं बघावं तिथं ज्याचं चित्र आहे, तो दगड प्रत्यक्षात केवढा आहे, कसा आहे, हे बघायचं होतं. आपल्याकडे त्याला सरसकट ‘अशोकस्तंभ’ म्हणतात. नाशकात तर अशोकस्तंभ म्हटलं की रिक्षावाला सरळ त्या नावाच्या चौकात नेऊन सोडतो. खरं तर राजमुद्रेवर स्तंभ नाहीच. आहे ते स्तंभाचं डोकं, तेसुद्धा वरून आणि खालून छाटलेलं.

पांडेपूर, आशापूर अशा गर्दीतून रिक्षा सारनाथच्या रस्त्याला लागली की पहिल्यांदा दिसतो चौखंडी स्तूप. विटांचा मोठा ढीग आणि त्याच्यावर मोगली धाटणीचा अष्टकोनी मनोरा. पळापळीच्या दिवसांत हुमायूननं इथं आसरा घेतला होता, त्याची आठवण म्हणून तोडरमलाचा मुलगा गोवर्धन यानं अकबराच्या काळात, १५८८ मध्ये, तो बांधला. बुद्धाला त्याचे पाच जुने सोबती पुन्हा भेटले ती ही जागा, अशी श्रद्धा आहे. बुद्धाच्या भेटीच्या टेकाडावर हुमायूनचं स्मारक! या देशात जागा रिकामी राहत नाही, एवढं त्यावरून कळतं. तिथं फार रेंगाळण्यासारखं नाही. रिक्षावाल्याला थांबायला सांगावं, एक फेरी मारावी आणि पुढं निघावं.

मुख्य अवशेषांच्या आवारात शिरलं की विटांच्या जोत्यांचं एक गाव पसरलेलं दिसतं. विहारांच्या खोल्या, नवसाचे लहानलहान स्तूप, पायऱ्या, गटारं. आणि मधेच एक वर्तुळ. बाकीच्या ढिगाऱ्यांपुढं ते इतकं साधं आहे की बहुतेक लोक त्याला वळसा घालून धमेख स्तूपाकडं निघून जातात. तिथं थांबा. हा धर्मराजिका स्तूप, म्हणजे जे उरलंय ते. अशोकानं उभारलेला, पुढं अनेक शतकांत थरावर थर चढवून मोठा केलेला.

१७९४ मध्ये काशीच्या राजा चेतसिंहाचे दिवाण बाबू जगतसिंह यांच्या माणसांनी विटा-दगडांसाठी तो उपसला. बनारसमध्ये जगतगंज नावाची पेठ उभी राहत होती, तिला माल हवा होता. खणताना एक दगडी पेटी लागली, तिच्या आत संगमरवरी करंडा, त्यात थोड्या अस्थी, मोती, सोन्याचे तुकडे. अस्थी गंगेत सोडून दिल्या. सोडणाऱ्यांच्या मनात बहुधा आदरच असावा. कुणाच्या का असेनात, अस्थी म्हटल्यावर काशीच्या माणसाला गंगा आठवणारच. जगतसिंहांच्या वंशजांना विध्वंसाचा ठपका मान्य नाही. सारनाथकडं जगाचं लक्ष गेलं ते त्यांच्यामुळेच, असं त्यांचं म्हणणं. दुसरा अर्धा भाग खोटा नाही.

कारण ही हकिगत लिहून ठेवणारा माणूस तिथं हजर होता: कंपनीचा बनारसमधला रेसिडेंट जोनाथन डंकन. त्याचं टिपण ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये छापून आलं आणि सारनाथचं नाव विद्वानांच्या कानावर गेलं. हा डंकन आपल्या ओळखीचा आहे. १७९५ मध्ये तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८११ मध्ये मरेपर्यंत त्याच पदावर राहिला. शीवचा जुना कॉजवे त्याच्या कारकिर्दीतला, डंकन रोड त्याच्या नावाचा, आणि फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये त्याचं संगमरवरी स्मारक आहे. चर्चगेटहून चालत जाता येईल अशा ठिकाणी सारनाथच्या कथेतलं एक पात्र आहे, हे मला तिकडं गेल्यावरच जाणवलं.

दगड नेण्याची ही पहिली वेळ नव्हती आणि शेवटची तर मुळीच नाही. वरुणा नदीवर इंग्रजी अमलात पूल बांधताना सारनाथच्या ४८ मूर्ती आणि इतर कोरीव दगड पाण्याची धार अडवायला नदीत टाकले, असं मॅथ्यू शेरिंग या मिशनऱ्यानं नोंदवून ठेवलं आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीला, ११९४ च्या सुमाराला, घोरीच्या फौजांनी बनारस लुटलं तेव्हा सारनाथ उद्ध्वस्त झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते पाठ्यपुस्तकात आहे. मात्र त्यानंतर सहाशे वर्षांनी, काही युद्ध नसताना, केवळ बांधकामाच्या मालासाठी झालेला विध्वंस पुस्तकात येत नाही. आपल्या किल्ल्यांच्या तटाचे चिरे ज्यांनी गावातल्या घरांच्या जोत्यात बसलेले पाहिलेत, त्यांना यात नवल वाटू नये.

वर्तुळापासून थोडं उत्तरेला एका छपराखाली, काचेच्या आड, खांबाचा बुंधा उभा आहे. दोन मीटरच्या आसपास उंच, अजून मूळ जागेवर. बाजूला त्याच खांबाचे तुकडे आडवे ठेवलेत. पूर्ण स्तंभ साधारण पंधरा मीटरचा होता. दगड चुनारचा, गंगेच्या काठाने वर गेलं की लागणाऱ्या खाणींतला वालुकाश्म, आणि त्याच्यावर मौर्य काळातली ती प्रसिद्ध झिलई. तेवीसशे वर्षांनीसुद्धा काचेपलीकडून चमक कळते. सातव्या शतकात ह्युएन त्संग इथं आला तेव्हा विहारात दीडहजार भिक्षू राहत होते आणि हा खांब त्याला जेड रत्नासारखा झळाळताना दिसला होता.

बुंध्यावर ब्राह्मी अक्षरं आहेत. राष्ट्राचं मानचिन्ह ज्या खांबावरून घेतलं, त्याच्यावर सम्राटानं काय लिहिलं असेल? करुणा, अहिंसा, सर्व धर्मांचा आदर? ते इतर शिलालेखांत आहे. इथं आहे एक कडक प्रशासकीय हुकूम. संघात कुणीही फूट पाडता कामा नये. जो भिक्षू किंवा भिक्षुणी फूट पाडेल त्याला पांढरी वस्त्रं नेसवून विहाराच्या बाहेर राहायला लावावं. या हुकमाची एक प्रत कचेरीत ठेवावी, एक उपासकांसाठी ठेवावी, उपोसथाच्या दिवशी उपासकांनी येऊन तो समजून घ्यावा, महामात्रांनीही यावं. आणि तुमचा अंमल जिथवर चालतो तिथवर तो पोचवावा. परिपत्रकच हे! प्रत कुणाकुणाला, अंमलबजावणी कुणी करायची, आढावा कधी, सगळं आलं. अशोक शोकाकुल संत म्हणून आपल्या डोळ्यांपुढं असतो. इथं भेटतो तो फायली हलवणारा राजा, आणि मला तो जास्त आवडला.

पांढऱ्या वस्त्रांचा अर्थ असा, की काषाय म्हणजे भिक्षूचं आणि पांढरं म्हणजे गृहस्थाचं. भिक्षूला पांढरं नेसवणं ही शिक्षा होती, त्याला संघातून काढून टाकण्याची. आणि त्याच बुंध्यासमोर अकोल्याकडचा एक जथा हात जोडून उभा होता, सगळे पांढऱ्यात. बायकांची पांढरी लुगडी, पुरुषांचे पांढरे सदरे. उपासकाचा तो मानाचा वेष. त्यांच्यातले एक निवृत्त शिक्षक सगळ्यांना फलकावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवत होते. राजानं उपासकांनी येऊन लेख समजून घ्यावा म्हणून सांगितलं होतं, आणि उपासक आले होते.

धमेख स्तूप लांबूनच दिसतो. तीस मीटरहून उंच, भरीव, ओबडधोबड वाटावा असा गोल बुरूज. जवळ गेल्यावर मत बदलतं. खालचा भाग दगडी आहे आणि त्याच्यावर गुप्तकाळातली एक रुंद कोरीव पट्टी फिरते. वेलबुट्टी, कमळं, मधेच पक्षी, आणि भूमितीच्या आकृत्यांची अशी गुंतागुंत की रेघ कुठं सुरू झाली आणि कुठं वळली ते शोधताना मान दुखते. आठ कोनाडे आहेत. त्यांतल्या मूर्ती गेल्या. पट्टीचं काम काही ठिकाणी अर्धवट राहिलंय. १८३५ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम या तरुण लष्करी इंजिनियरनं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, या स्तूपाच्या माथ्यापासून पायापर्यंत सरळ विहीर खणली. त्याला अस्थींचा करंडा हवा होता, मिळाली ती बौद्ध मंत्र कोरलेली एक शिळा. हाच कनिंगहॅम पुढं भारतीय पुरातत्त्व खात्याचा जनक ठरला. आज कुणी संरक्षित स्तूपात अशी विहीर पाडली तर तो तुरुंगात जाईल.

स्तूपाला लागूनच जैन मंदिर आहे. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचं हे जन्मस्थान मानतात. थोडं पलीकडं सारंगनाथ महादेव. तिन्ही धर्मांची माणसं एकाच रस्त्यावरच्या एकाच टपरीवर चहा पितात. जानेवारीच्या धुक्यात त्या कुल्हडाची ऊब किती बरी वाटते ते तिथं उभं राहूनच कळावं.

आता संग्रहालय. १९१० मध्ये पूर्ण झालेली ही इमारत पुरातत्त्व खात्याच्या स्थळ-संग्रहालयांतली सगळ्यांत जुनी. जेम्स रॅन्सम या सरकारी वास्तुविशारदानं तिचा आराखडा अर्ध्या बौद्ध विहारासारखा केला. ज्या वस्तूसाठी ती मुख्यतः ओळखली जाते, ती सापडली १९०५ च्या मार्चमध्ये. हॅनोव्हरमध्ये जन्मलेले फ्रीडरिख ऑस्कर एर्टेल सार्वजनिक बांधकाम खात्यात इंजिनियर होते. त्यांनी १९०४-०५ च्या हिवाळ्यात इथं खणायला घेतलं आणि मुख्य मंदिराच्या पश्चिमेला, बुंध्याजवळच, मातीत पडलेलं स्तंभशीर्ष वर आलं. पुरातत्त्ववाला नव्हे, बांधकाम खात्यातला माणूस. दोन खात्यांचं वैर असतं, असं म्हणणाऱ्यांनी ही नोंद ठेवावी.

मधल्या दालनात पाय ठेवताच ते समोर असतं. उंची दोन मीटरहून थोडी जास्त, सात फूट. आपण कायम नखाएवढं बघितलेलं, त्यामुळं पहिल्यांदा धक्का बसतो तो आकाराचा. दुसरा धक्का पॉलिशचा. बुंध्याला जी चमक काचेआडून वाटत होती ती इथं अंगावर येते. दगड फिकट, पिवळसर, त्यात बारीक काळे ठिपके. पाठीला पाठ लावून चार सिंह. तोंड उघडं, जीभ दिसते. आयाळीचे झुबके ओळीनं बसवलेले, मिशांच्या जागी कोरलेल्या रेघा, पुढच्या पायांवर ताणलेल्या शिरा. जनावर खरं आहे आणि खरं नाहीही. आयाळ नक्षीसारखी, पाय मात्र जिवंत. इराणच्या पर्सेपोलिसमधल्या शिल्पांशी याचं नातं आहे की हे सगळं अस्सल गंगेकाठचं, हा वाद शंभर वर्षं चाललाय. पाय बघताना तो वाद आठवत नाही.

सिंहांच्या पायाखाली गोल पट्टा, त्याच्यावर चार चाकं आणि चाकांच्या मधे चार प्राणी: हत्ती, बैल, सिंह चालताहेत, घोडा दौडतोय. घोड्याजवळ वाकून बघा. मागचे पाय जमिनीला लागून, पुढचे हवेत, मानेवर आयाळ मागं उडालेली. हे चौघे कोण यावर विद्वानांचं एकमत नाही. थिओडोर ब्लॉख म्हणाले, इंद्र, शिव, सूर्य आणि दुर्गा यांची ही वाहनं, म्हणजे देव बुद्धाच्या धर्मापुढं नमलेत. आल्फ्रेड फूशे यांना त्यांत बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग दिसले: हत्ती म्हणजे मायादेवीचं स्वप्न, घोडा म्हणजे गृहत्याग. वासुदेवशरण अग्रवालांनी अनवतप्त सरोवराच्या चार दिशांना असलेले प्राणी सांगितले. आणि फोगेल नावाच्या डच पंडितानं सांगून टाकलं, की ही नुसती सजावट आहे. मला फूशे पटतात, पण पुराव्यापेक्षा आवडीनं, हे कबूल. पट्ट्याच्या खाली उलट्या कमळाची घंटा. हे सगळं एकाच दगडातून कोरलेलं.

आता सिंहांच्या माथ्याकडं बघा. चारही डोकी जिथं भिडतात तिथं वर एक खोबण आहे. सहज दिसत नाही, दोन पावलं मागं सरकून मान वर करावी लागते. त्या खोबणीत एक दांडा बसायचा आणि त्याच्यावर होतं एक मोठं चाक. तुटलेल्या चाकाचे तुकडे खणताना मिळाले. ते याच संग्रहालयात आहेत. व्यास पावणेतीन फुटांच्या आसपास, आणि आरे ३२ असावेत असा अंदाज. बौद्ध परंपरेत महापुरुषाची लक्षणं ३२ सांगतात, त्याच्याशी हा आकडा जोडला जातो.

या चाकाशिवाय बाकी सगळं अर्धवट आहे. इथं, याच हरणांच्या वनात, आषाढी पौर्णिमेला बुद्धानं कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अश्वजित या पाच जणांना पहिला उपदेश केला आणि धम्माचं चाक फिरायला लागलं. स्तंभ उभा केला तो या गोष्टीसाठी. सिंह होते ते चाक डोक्यावर घेऊन उभं राहायला. शाक्यसिंहाचा आवाज चार दिशांना नेणारे, पण शेवटी वाहकच. पंधरा मीटर उंचीवर खालच्या माणसाला ना घोड्याची आयाळ दिसत होती ना सिंहाची जीभ. त्याला दिसत होतं आभाळासमोरचं चाक. सम्राटाच्या सामर्थ्याच्या वर काहीतरी आहे, हे त्या रचनेतच सांगितलेलं होतं.

वऱ्हाडी जथाही तोवर दालनात पोचला होता. एका आजींनी शिक्षकांना विचारलं, “गुरुजी, नोटेवर त तीनच हायेत.”

“चवथा मांगं हाय ना माय. चित्रात कसा दिसन?”

“अन्‌ वरतं काई नोतं?”

“वरतं चाक होतं. तुटलं थे.”

आजींनी वर बघत हात जोडले. गुरुजींनी पुढं सांगितलं ते मी त्यांच्यामागं उभं राहून ऐकलं, आणि ते बरोबर होतं.

राजमुद्रेत हे शीर्ष शिरलं ते असं. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं राष्ट्रध्वज स्वीकारला. त्याआधी राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली ध्वजसमिती बसली होती. आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी यांच्याबरोबर बाबासाहेबही तिच्यात होते. काँग्रेसच्या झेंड्यावरचा चरखा दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही, ही अडचण नेहरूंनी सभेत बोलून दाखवली. चरख्यातलं चाक ठेवलं, आणि चाक घ्यायचं तर सारनाथचं. तेच ध्वजावर आलं, २४ आऱ्यांचं, सिंहांच्या पायाखालच्या पट्ट्यावरचं. डोक्यावरचं ३२ आऱ्यांचं चाक कुठंच आलं नाही. ते तर तुटून पडलेलं होतं.

डिसेंबर १९४७ मध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या तिकिटांपैकी दीड आण्याच्या तिकिटावर सिंहशीर्ष छापलं गेलं. १९४९ मध्ये एक रुपयाच्या नव्या नोटेवर इंग्लंडच्या राजाच्या जागी कोण, हा प्रश्न आला. गांधीजींचं चित्र टाकायचा विचार होता, तसे नमुनेही झाले होते. शेवटी एकमत झालं ते सारनाथच्या सिंहांवर. गांधीजी नोटांवर कायमचे आले ते बरंच पुढं. २६ जानेवारी १९५० ला सिंहशीर्ष अधिकृतपणे राष्ट्राचं मानचिन्ह झालं आणि त्याच्याखाली मुंडक उपनिषदातलं ‘सत्यमेव जयते’ आलं. त्यात खालची कमळाची घंटा गाळली. पट्ट्यावर समोर चाक, उजवीकडं बैल, डावीकडं घोडा. हत्ती आणि चौथा सिंह चित्राच्या पाठीमागं गेले. रेखाटन कुणाचं, यावर दोन कहाण्या आहेत. तैयबजी कुटुंब बद्रुद्दीन आणि सुरैया तैयबजींना श्रेय देतं. दुसरी कहाणी शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांच्या हाताखालचे तरुण दीनानाथ भार्गव यांची. संविधानाच्या प्रतीसाठी सिंह काढायचे म्हणून ते कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन खरे सिंह न्याहाळत बसायचे, असं सांगतात. दोन्ही कहाण्या एकाच वेळी खऱ्या असायला काही हरकत नाही. एक १९४७ ची, एक संविधानाच्या पानाची.

म्हणजे झालं असं: ध्वजानं पायाखालचं चाक घेतलं, राज्यसंस्थेनं सिंह घेतले आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ते वरचं चाक मातीतच मोडलं होतं. यात कुणाचा दोष नाही. १९५० मध्ये होतं ते घेतलं. पण परिणाम असा, की राजमुद्रा म्हटल्यावर आपल्याला आधी सिंह आठवतो, म्हणजे सत्ता. तिच्या वापराचा कायदा व्हायला २००५ उजाडलं. माजी मंत्री, माजी आमदार-खासदार, निवृत्त अधिकारी यांनी परवानगीशिवाय ती वापरू नये, असं त्याच्याखालच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. ज्यांना गावोगावचे लेटरहेड बघायची सवय आहे, त्यांना हे कलम घालावं का लागलं ते सांगायला नको.

११ जुलै २०२२ ला नव्या संसद भवनाच्या माथ्यावरच्या ब्राँझच्या मुद्रेचं अनावरण झालं. साडेसहा मीटर उंच, साडेनऊ हजार किलो वजनाची. ती घडवणाऱ्या दोघा शिल्पकारांपैकी सुनील देवरे आपल्या छत्रपती संभाजीनगरचे, दुसरे लक्ष्मण व्यास. लगेच वाद पेटला: मूळचे सिंह शांत, हे चिडलेले, दात दाखवणारे. देवरेंचं म्हणणं, प्रमाण आणि बघण्याचा कोन बदलला की भाव बदललेला वाटतो. सारनाथच्या दालनात सिंहांच्या समोर, मग खाली उकिडवं बसून वर बघितलं की त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे दिसतं. खालून जबडाच जबडा दिसतो. तरीही मूळ शिल्पातला संयम वेगळाच आहे. हे सिंह कुणावर धावून जाणारे नाहीत. मात्र दातांची चर्चा आठवडाभर चालली तेव्हा माथ्यावर काय नाही, हे कुणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

सिंह बघून लोक बाहेर पडतात. तुम्ही पडू नका. त्याच इमारतीत कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी बल नावाच्या भिक्षूनं मथुरेहून आणवलेली लाल दगडाची भव्य बोधिसत्त्वाची मूर्ती आहे आणि तिच्यावर धरलेली प्रचंड दगडी छत्रीसुद्धा. आणि पाचव्या शतकातला धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतला बुद्ध आहे. कॅलेंडरांवर, पुस्तकांच्या कव्हरांवर हजारदा पाहिलेला. त्याच्या चेहऱ्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी तुम्हाला त्याच्या आसनाखाली बघायला सांगेन. मधे चाक, दोन्ही बाजूंना हरणं, पाच शिष्य गुडघ्यावर, आणि त्यांच्या शेजारी एक बाई आणि एक मूल. पहिल्या उपदेशाच्या कथेत या दोघांना जागा नाही. बहुधा मूर्ती देणारी तीच. आपलं नाव न घालता आपल्या लेकरासह ती पहिल्या श्रोत्यांत जाऊन बसली.

बाहेर महाबोधी सोसायटीचा मूलगंधकुटी विहार आहे, १९३१ मध्ये खुला झालेला. सिंहलद्वीपाच्या अनागारिक धर्मपालांनी तो उभा केला, १९३३ मध्ये इथंच दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी इथंच देह ठेवला. आतली भित्तिचित्रं जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु यांची. शांत, थोडी फिकी. आवारात बोधिवृक्ष आहे, त्याच्याखाली मराठी बायका पानं गोळा करताना दिसतात. पडलेली घ्यावीत, फांदीला हात लावू नये. पलीकडच्या थाई विहारातली उंच उभी मूर्ती बहुतेक जण फोटोपुरती बघतात, आणि तेवढं पुरेसं आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आणि नेमके शुक्रवारी पोचलेले लोक फाटकाशी हळहळताना दिसतात, तेव्हा काशीचा मुक्काम आखताना तेवढं बघून घ्या. आधी अवशेष, मग संग्रहालय. बुंधा पाहून शीर्षाकडं गेलात तर दोन्ही मनात जोडता येतात. आणि मधल्या दालनात पोचलात की सेल्फीच्या गडबडीत चाकाचे तुकडे कुठं ठेवलेत ते रखवालदाराला आवर्जून विचारा. सिंह तुम्ही आयुष्यभर बघितलेले आहेत, तुकडे फक्त तिथंच आहेत.